साहित्य घेणाऱ्याची सही

चांगदेव तरेंचं चुकलं ते एवढंच, की त्यांनी सरकारला विचारलं.

भिवंडीत माणूस घरावर मजला चढवतो, त्यावर पत्र्याची शेड टाकतो, शेडमध्ये कापड विणायचे आठ लूम बसवतो, आणि खालच्याच्या कपाटातल्या बश्या नाचायला लागल्या की खालचा वर येऊन तक्रार करतो, चहा पितो आणि जातो. परवानगी हा शब्द मध्ये कुठे येत नाही. अशा गावात, कामतघर भागातल्या एका स्वयंपाकघरात अर्धी वाटी यीस्ट ठेवू का, असं सरकारला लेखी विचारणारा माणूस निघावा, हे गल्लीला पटायला चार महिने लागले. सरकारला जरा जास्तच लागले.

यीस्ट म्हणजे पाव फुगवायचं खमीर. पण हे साधं नव्हतं. हे घरपोच येणारं किट होतं. त्यात यीस्टची एक कुपी, जेलीफिशच्या जनुकाची एक कुपी, आणि निळा उजेड पाडणारी छोटी बॅटरी. दुसऱ्या कुपीतलं जनुक पहिल्या कुपीतल्या यीस्टमध्ये घालायचं, तीन दिवस थांबायचं, की निळ्या उजेडात यीस्ट हिरवं चमकतं. जगभरची हौशी माणसं हे आपापल्या ओट्यावर करतात, असं चांगदेवांनी फोनवर पाहिलं आणि किट मागवलं. पेटी आल्यावर त्यांनी जे केलं ते मात्र जगात दुसऱ्या कोणी केलं नसेल. त्यांनी पेटीवरचं सगळं वाचलं. अगदी खालचं, मुंगीएवढ्या अक्षरांतलंसुद्धा. तिथे लिहिलं होतं, आपल्या देशातील कायद्यानुसार परवानगी घेऊनच पेटी उघडावी.

झालं. चांगदेवांनी हातातली कात्री खाली ठेवली.

दुसरा कोणी असता तर कात्री चालवून मोकळा झाला असता. पण चांगदेव एकतीस वर्षं गावातल्या एका कॉलेजच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. लेबल वाचल्याशिवाय बूच काढायचं नाही, हा नियम त्यांनी खोकल्याच्या औषधालाही लावलेला होता. आणि मुख्य म्हणजे प्रश्न अब्रूचा होता. प्रयोगशाळेच्या नोंदवहीत दोन रकाने असतात. एक ‘साहित्य देणारा’ आणि दुसरा ‘साहित्य घेणारा’. एकतीस वर्षं देणाऱ्याच्या रकान्यात चांगदेवांची सही पडली. घेणाऱ्याच्या रकान्यात प्राध्यापकांची पडली, मॅडमची पडली, मिसरूड न फुटलेल्या पोरांची पडली. त्यांनी घासूनपुसून दिलेल्या नळ्यांत सगळ्यांनी प्रयोग केले. त्यांनी एकही केला नाही. आणि निरोपाच्या दिवशी शाल-श्रीफळाबरोबर जे सन्मानपत्र मिळालं, त्यावर नावापुढे छापलं होतं ‘शिपाई’. परिचर नव्हे, शिपाई! त्या दिवसापासून चांगदेवांनी कॉलेजच्या रस्त्यानं जाणं सोडलं होतं. रिक्षासुद्धा ते वळसा घालून न्यायला लावत.

तेव्हा त्यांनी ठरवलं होतं, की मरण्याआधी एक प्रयोग करायचा. आपल्या हातानं, आपल्या नावावर. आणि तो असा चोख कायदेशीर, की शिपायानं काहीतरी चाळा केला असं म्हणायची कोणाची छाती होऊ नये.

पेटी तशीच बंद ठेवून, तिला सुतळी बांधून, सुतळीवर लाख ओतून, लाखेच्या बाजूनं सही-तारीख घालून त्यांनी ती फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवली. त्या कप्प्यात आधी सुकट होती.

“अवो, माजी सुकट कुठं जाईल?” कमळाबाईंनी विचारलं.

“खालच्या कप्प्यात. या कप्प्यात आता खायचा जिन्नस ठेवायचा न्हाय. हा सुरक्षित विभाग हाय.”

“त्या पेटीत हाय तरी काय?”

“जेलीफिशचं जनुक.”

“जेलीफिश? ती जाल्यात आली की अंगाला खाज सुटते ती?” कमळाबाईंचं माहेर खाडीकाठचं. “ती तुमी पैसे देऊन मागवली?”

यावर शास्त्रीय उत्तर होतं, पण चांगदेवांनी ते पुढे कधीतरी द्यायचं ठरवलं.

खुर्शीदशेठ समोरच्या गाळ्याचे मालक. चोवीस लूम, तीन पिढ्यांचा धंदा, आणि गल्लीत कोणाच्या घरी पाहुणा आला तर पाहुण्याआधी त्यांना कळायचं. ते संध्याकाळी आले, पेटी लांबूनच पाहिली आणि खुर्चीत बसून म्हणाले, “चांगदेवभाय, तुमी शिकलेला मानूस, मी तुमाला काय सांगू? लेकिन पूछना मत. विचारलं की त्यांना समजतं, काहीतरी हाय.”

“पण हाय ना काहीतरी!”

“म्हणून तर विचारू नका!”

चांगदेव दुसऱ्याच दिवशी अर्ज घेऊन कचेरीत गेले.

खिडकीतल्या कारकुनानं अर्ज दोनदा वाचला. मग विचारलं, “हे झाडात मोडतं की जनावरात?”

“दोन्हींत नाही. यीस्ट म्हणजे एक प्रकारची बुरशी.”

“मग आधी सांगायचं ना. भिंतीला ओल, बुरशी, गळती सगळं सहा नंबरला.”

सहा नंबरवाल्या बाईंनी वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याचं नाव विचारलं. वर शेजारी नाही, वर गच्ची आहे, असं सांगितल्यावर त्यांनी चांगदेवांनाच नोटीस काढायची तयारी केली. तिथून ते प्रदूषणाच्या टेबलावर गेले. तिथे सांडपाणी किती निघणार असा रकाना होता. चांगदेवांनी प्रामाणिकपणे ‘अर्धी वाटी’ लिहिलं. “तासाला की दिवसाला?” साहेबांनी विचारलं. “एकूण,” चांगदेव म्हणाले. साहेबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की एवढ्या वर्षांच्या नोकरीत इतकं थोडं सांडपाणी कबूल करणारा माणूस त्यांना संशयास्पद वाटला असावा.

शेवटी चांगदेवांनी पिशवीतून नियमच काढला. जनुकात बदल केलेल्या सूक्ष्मजीवांसाठी सरकारचा नियम आहे, चांगला जुना, आणि त्यासाठी जिल्ह्यात समिती असते असं त्यात छापलेलं आहे. त्यांनी त्या ओळीखाली लाल रेघ मारली होती. कारकुनानं ओळ वाचली, शेजारच्याला दाखवली आणि मनापासून आनंदून म्हणाला, “अरे, असते की!”

अर्ज पुढे गेला आणि पंधरा दिवसांनी परत आला. वर शेरा होता, ‘अर्जदार एकटी व्यक्ती दिसते. असे प्रयोग फक्त संस्थेस करता येतात. संस्थेची जैवसुरक्षा समिती असावी. समितीत डॉक्टर असावा, बाहेरचा सदस्य असावा.’

अर्जदार एकटी व्यक्ती दिसते, हे वाक्य चांगदेवांना फार लागलं. कमळाबाईंनी वाचून विचारलं, “मंग मी कोन?”

संस्था आणायची कुठून? कामतघरात शिक्कावाली, नोंदणीकृत अशी एकच संस्था होती. नवतरुण कबड्डी मंडळ. तिच्यातले नवतरुण आता पन्नाशीला आले होते आणि गुडघ्यांमुळे कबड्डी बंद होती, पण शिक्का शाबूत होता. मंडळाचे अध्यक्ष दौलतशेठ पाटील. शेजारच्या राहनाळ गावात त्यांच्या जमिनीवर मोठमोठी गोडाऊन उभी राहिलेली, गळ्यात साखळी, आणि मन खरोखर मोठं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“म्हंजे काका, तुमी नवा जीव बनवनार?”

“जीव जुनाच. फक्त चमकणार.”

“आपल्या मंडलाच्या नावानं?”

“हो.”

“अख्ख्या ठाणे जिल्ह्यात पयल्यांदा?”

“माझ्या माहितीप्रमाणे.”

दौलतशेठ उठले आणि त्यांनी चांगदेवांना मिठी मारली. “काका, शिक्का कितीदा पायजे तितक्यांदा मारा!”

जैवसुरक्षा समितीची पहिली सभा चांगदेवांच्या हॉलमध्ये झाली. डॉक्टर म्हणून खुर्शीदशेठांची मुलगी नबीला आली. तिचा गल्लीच्या तोंडाशी दवाखाना होता आणि तिथे चाळीस पेशंट ताटकळत होते. बाहेरचा सदस्य म्हणून कमळाबाईंचा वज्रेश्वरीला स्थायिक झालेला भाऊ एसटीनं आला. बाहेरचा म्हणजे संस्थेबाहेरचा असं नियमात होतं. मंडळानं त्याचा अर्थ भिवंडीबाहेरचा असा घेतला. दौलतशेठ अध्यक्ष, खुर्शीदशेठ निमंत्रित आणि कमळाबाई जनतेच्या प्रतिनिधी.

सभेचं इतिवृत्त चांगदेवांनी स्वतः लिहिलं, म्हणून ते खरं आहे. विषय एक, पेटीची सुरक्षितता. त्यावर चर्चा सुरू होताच भजी आली. विषय दोन, गल्लीतल्या टेम्पोंचं पार्किंग. हा विषयपत्रिकेवर नव्हता, पण त्यावर पाऊण तास गेला. विषय तीन, जनतेच्या प्रतिनिधींनी सुकटीचा कप्पा परत मागितला. मागणी फेटाळली. प्रतिनिधी सभात्याग करून चहा टाकायला गेल्या. नबीला मात्र एकटी कामाचं बोलली. “चाचा, प्रयोग झाल्यावर हे सगळं मारायचं कसं? कॉलेजात मोठं मशीन असतं, इथं?”

“प्रेशर कुकर,” चांगदेव ताबडतोब म्हणाले. “पूर्ण दाब, वीस मिनिटं. आणि तो कुकर पुन्हा डाळीला वापरायचा नाही.”

आतून कमळाबाईंचा आवाज आला, “कुठला कुकर?”

अर्ज पुन्हा गेला आणि वाट पाहणं सुरू झालं. इथवर सगळं ठीक होतं. पण मंडळाच्या एका पद्धतीचा चांगदेवांना विसर पडला होता. कामतघरात काहीही झालं तरी फ्लेक्स लागतो. वाढदिवस, दहावीचे बेचाळीस टक्के, नवी गाडी. काही झालं नसलं तरी लागतो, कारण छापणारा मंडळाचाच माणूस आहे. एका सकाळी चांगदेव दूध आणायला निघाले आणि नाक्यावर वीस फुटी चांगदेव त्यांच्याकडे पाहून हात जोडत होते.

निदान एक कोपरा तरी चांगदेवांचा होता. उरलेल्या जागेत काळा चष्मा घातलेले दौलतशेठ होते आणि त्यांच्यामागे उसळी मारणारा डॉल्फिन होता, कारण छापणाऱ्याला जेलीफिशचं चित्र मिळालं नव्हतं. मजकूर होता, ‘कामतघरचे सुपुत्र, थोर जनुकशास्त्रज्ञ मा. श्री. चांगदेव तरे यांनी नवीन सजीव यशस्वीरीत्या निर्माण केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक, दौलतशेठ पाटील मित्र परिवार.’

खरं सांगायचं तर पहिले दोन क्षण चांगदेवांना फार बरं वाटलं. थोर जनुकशास्त्रज्ञ! ‘शिपाई’वर ही चांगली वीस फुटी फुली होती. तिसऱ्या क्षणी ‘यशस्वीरीत्या’ हा शब्द डोक्यात शिरला आणि ते दूध न घेताच तडक दौलतशेठांकडे गेले.

“दौलत, अरे अजून परवानगी न्हाय! पेटी फोडली न्हाय! यशस्वी कशावरून?”

“काका, होनारच ना यशस्वी? तुमच्यावर माजा विश्वास हाय.”

त्या विश्वासानं चांगदेवांची झोप उडाली. फ्लेक्सचा फोटो फोनोफोनी फिरला. गल्लीतले लोक मागण्या घेऊन यायला लागले. एकाला न चावणारे डास हवे होते. एका बाईंना मुलाची उंची चार बोटं वाढवून पाहिजे होती, ‘लग्नापुरती’. केटररचा धंदा करणाऱ्या एका गृहस्थांनी चार तंगड्यांची कोंबडी होईल का, असं गंभीरपणे विचारलं, कारण हळदीच्या जेवणात तंगडीवरून मारामाऱ्या होतात. चांगदेवांनी सगळ्यांना नाही सांगितलं. त्यामुळे चांगदेवांना मस्ती आली, अशी बोलवा झाली.

आणि मग पत्र आलं. ‘आपण परवानगीशिवाय जनुकीय बदल केलेला सजीव निर्माण केल्याचे निदर्शनास आले आहे. शुक्रवारी सकाळी पाहणी करण्यात येईल.’ सोबत पुरावा म्हणून फ्लेक्सचा रंगीत फोटो जोडला होता.

चांगदेव दिवसभर जेवले नाहीत. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एक टेस्ट ट्यूब गहाळ झाली नव्हती, आणि आता सरकारी कागदावर ते गुन्हेगार होते. पाहणीत दोषी ठरलं तर पेटी जाणार, प्रयोग कायमचा जाणार. वर कॉलेजात बातमी पोचणार, की आपला शिपाई पकडला गेला. ते शेवटचं त्यांना सगळ्यात असह्य होतं.

“खाडीत टाका,” खुर्शीदशेठ म्हणाले. “पेटीच नाही तर केस कसली? खाडीत ऑलरेडी सब कुछ है. एक डब्बा और सही.”

“शेठ, तो तर खरा गुन्हा हाय! निसर्गात सोडल्यासारखं होईल ते!”

“मी फोन लावतो कोनालातरी,” दौलतशेठ म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. फ्लेक्सही त्यांनी उतरवला होता, पण तो आता मंडळाच्या जिन्यावर ताडपत्री म्हणून लागला होता आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला अर्धे चांगदेव दिसतच होते.

“कोणाला फोन लावायचा न्हाय,” चांगदेव म्हणाले. “मी काही केलेलं न्हाय. जे हाय ते दाखवीन.”

शुक्रवारी लूम बंद असतात. इतर दिवशी त्या गल्लीत बोललेलं ऐकू येत नाही, त्या दिवशी मात्र जिन्यावर चढणाऱ्या चपलांचा आवाजही सगळ्या घरांत गेला. आल्या त्या डॉ. हेमाली, सरकारच्या जिल्हा समितीच्या शास्त्रज्ञ सदस्य. वय पस्तिशीचं, खांद्याला पिशवी, चेहऱ्यावर चार तासांचा प्रवास. जिन्यात खुर्शीदशेठ, नबीला, दौलतशेठ आणि निम्मं कबड्डी मंडळ उभं होतं.

“प्रयोग कुठे केलात?” त्यांनी आल्या आल्या विचारलं.

“केला नाही, मॅडम.”

“फ्लेक्सवर यशस्वी लिहिलंय.”

जिन्यातून दौलतशेठांचा आवाज आला, “मॅडम, ते प्रेमानं लिवलंय.”

चांगदेवांनी फ्रिज उघडला, घड्याळात पाहिलं, पेटी काढली, दार लावलं आणि शेजारच्या वहीत काहीतरी लिहिलं. डॉ. हेमालींनी पेटी फिरवून पाहिली. सुतळी, लाख, लाखेशेजारी सही, सहीखाली तारीख. सगळं चार महिन्यांपूर्वीचं, जसंच्या तसं.

“आणि ही वही कसली?”

“नोंदवही. सवय आहे, मॅडम.”

त्या वाचायला लागल्या. रोज सकाळ-संध्याकाळ फ्रिजचं तापमान. वीज गेली दुपारी दोन चाळीस, आली पाच पंधरा, मधल्या वेळात खुर्शीदशेठांकडून बर्फ आणून ठेवला. सकाळी सात दहा, दूध काढले, सौ. कमळा, दार उघडे बारा सेकंद. सात अठरा, साय काढण्यासाठी पुन्हा, सौ. कमळा, एकोणीस सेकंद, समज दिली. वज्रेश्वरीचे पाहुणे, थंड पाणी, एक मिनिट चार सेकंद, काही बोलता आले नाही.

कमळाबाईंनी मागून डोकावून वाचलं. “म्हंजे चार महिने तुमी माज्यावर पहारा ठेवताव?”

“तुझ्यावर न्हाय. दारावर.”

डॉ. हेमाली वाचत राहिल्या. पानामागून पान. जिन्यातल्या मंडळींना वाटलं, आता काही खरं नाही. खुर्शीदशेठांनी दौलतशेठांच्या कानात सांगितलं, की त्यांनी आधीच म्हटलं होतं, पूछना मत. बाईंनी एका पानावर पडलेल्या डाळीच्या डागाला बोट लावून पाहिलं. मग त्या हसल्या.

“तरेकाका, मी मोठमोठ्या संस्थांच्या प्रयोगशाळा तपासते. तिथल्या नोंदवह्या स्वच्छ असतात. वर्षाच्या नोंदी एका पेनानं, एका बैठकीत, मी यायच्या आदल्या दिवशी लिहिलेल्या. तुमच्या वहीत सात पेनं आहेत आणि एक डाळ आहे. इतकी खरी वही मी आजवर पाहिली नाही.”

चांगदेवांनी उगाचच वहीचा कोपरा सरळ केला.

“पण एक विचारू? प्रत्येक पानावर साहित्य देणाऱ्याच्या रकान्यात तुमची सही आहे. घेणाऱ्याचा रकाना चार महिने रिकामा का?”

“तिथं प्रयोग करणाऱ्याची सही असते, मॅडम,” चांगदेव म्हणाले. “परवानगी आली की करणार होतो. आधी कशी करायची?”

जिन्यात दौलतशेठांनी गळ्यातली साखळी सारखी केली. लूम बंद असल्यामुळे तिचा आवाजही आत ऐकू आला.

डॉ. हेमालींनी पेटी खाली ठेवली. “घरात परवानगी देता येणार नाही. कुकर कितीही चांगला असला तरी नाही. नियम नियम आहे.”

“बरोबर आहे,” चांगदेव म्हणाले. खरोखर बरोबर होतं आणि तेच जास्त वाईट होतं.

“पण तुमच्या गावातल्या कॉलेजात मान्यता असलेली प्रयोगशाळा आहे. मी लिहून देते. तिथे करा.”

त्यांनी कॉलेजचं नाव सांगितलं. ते तेच कॉलेज होतं. चांगदेवांचा चेहरा पडला. “तिथं मी जाणार नाही, मॅडम. तिथं मी शिपाई आहे.”

“मी पत्रात काय लिहिणार ते तुम्हाला कुठे माहीत आहे?” असं म्हणून त्यांनी कमळाबाईंचा चहा घेतला, बरोबर सुकटीची चटणी-भाकरीही घेतली, आणि त्या गेल्या.

पत्र तीन आठवड्यांनी आलं. अशोकस्तंभ, जावक क्रमांक, सगळं. ‘प्रयोगकर्ता, श्री. चांगदेव तरे.’ खाली अटी होत्या. घालायचे हातमोजे, नष्ट करायची पद्धत, ठेवायच्या नोंदी. आणि शेवटची, चौदावी अट अशी, की प्रयोगापूर्वी, प्रयोगादरम्यान किंवा प्रयोगानंतर कोणत्याही प्रकारचा फ्लेक्स लावता येणार नाही. ती वाचून दौलतशेठांनी आधी मान खाली घातली आणि मग सगळीकडे सांगितलं, की सरकारच्या पत्रात आपल्यावर एक आख्खी अट आहे.

कमळाबाईंनी ‘प्रयोगकर्ता’ हा शब्द शेजाऱ्यांना तीनदा वाचून दाखवला. मग पत्राला हळदकुंकू लावलं. जावक क्रमांक थोडा पुसला गेला.

ठरल्या दिवशी चांगदेव इस्त्रीचा शर्ट घालून, लाखबंद पेटी घेऊन निघाले. रिक्षावाल्यानं सवयीनं वळसा घ्यायला हँडल वळवलं.

“सरळ घे,” चांगदेव म्हणाले.

बरोबर कमळाबाई होत्या, नबीला होती आणि बोलावलं नसताना खुर्शीदशेठ होते. प्रयोगशाळेत तोच वास होता, तेच कपाट होतं, खिडकीची तीच काच फुटलेली होती. काउंटरच्या आत, चांगदेव जिथे एकतीस वर्षं उभे राहिले तिथे, नवा परिचर विठू उभा होता. चांगदेवांनीच त्याला शेवटचे दोन महिने काम शिकवलं होतं. त्यानं साहित्य मांडलं. नळ्या, ड्रॉपर, अडीचशे मिलीचा कॉनिकल फ्लास्क. काच अशी घासलेली, की चांगदेवांनी उजेडात धरून पाहिली आणि मनातल्या मनात पोराला शंभर मार्क दिले.

मग विठूनं नोंदवही त्यांच्यापुढे फिरवली. देणाऱ्याच्या रकान्यात त्यानं आपली सही केली होती. शेजारच्या रकान्यावर बोट ठेवून तो म्हणाला, “इथं सही करा, सर.”

सर!

एकतीस वर्षं चांगदेवांनी हा शब्द दिवसातून शंभरदा दुसऱ्यांना दिला होता. तो असा काउंटरवरून परत येईल याची त्यांना कल्पनाच नव्हती. त्यांनी सही केली, अगदी पूर्ण नावाची, आडनावाखाली रेघ ओढून. डोळे पाण्यानं भरले होते. फ्लास्क उचलायला हात पुढे केला, आणि ज्या हातांतून उभ्या जन्मात काही पडलं नव्हतं त्या हातांतून तो फ्लास्क सुटला. खळ्ळकन फरशीवर शंभर तुकडे झाले.

कमळाबाईंनी तोंडावर पदर धरला. विठूचा चेहरा रडवेला झाला. नियम त्याला तोंडपाठ होता, चांगदेवांनीच पाठ करून घेतला होता. फुटलं की फुटीचं रजिस्टर काढायचं, मग फोडणारा कोणीही असो.

“काढ,” चांगदेव म्हणाले. “काढ रजिस्टर. मी शिकवलंय ना तुला?”

त्या रजिस्टरची चाळीस पानं त्यांच्या स्वतःच्या अक्षरात होती. प्राध्यापकांनी फोडलेलं, प्राचार्यांनी पाहुण्यांना दाखवताना फोडलेलं, पोरांनी फोडलेलं, सगळं त्यांनी तिथे नावानिशी नोंदवलं होतं. प्रयोग करणाऱ्या प्रत्येक माणसाचं नाव कधी ना कधी त्या वहीत आलं होतं. त्यांचं मात्र कधीच आलं नव्हतं. त्यांनी पेन उघडलं आणि सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं.

प्रयोग पार पडला. तीन दिवसांनी सगळे पुन्हा जमले. खोली अंधारी करायला खुर्शीदशेठांनी आपल्या लूमवरचं काळं जाड कापड आणलं होतं आणि दिवसाढवळ्या ते टेबलावर तंबूसारखं धरून सगळे आत शिरले. चांगदेवांनी निळी बॅटरी लावली. काचेच्या ताटलीत, मोहरीएवढे ठिपके, हिरवेगार चमकले. खुर्शीदशेठ म्हणाले, “माशाल्ला!” कमळाबाई ताटलीवर आणखी वाकल्या. मग म्हणाल्या, “ही ती खाज सुटनारी? किती गोड दिसते, अवो.”

त्याच दुपारी नियमाप्रमाणे सगळं यंत्रात घालून वीस मिनिटं पूर्ण दाबाखाली नष्ट करण्यात आलं. चांगदेवांनी वेळ लिहिली, तापमान लिहिलं, सही केली. डॉ. हेमालींनी अहवालावर ‘समाधानकारक’ असा शेरा मारला. प्रयोगशाळेच्या आत छायाचित्रं घ्यायला बंदी होती आणि फ्लेक्सला तर अट क्रमांक चौदा होती, त्यामुळे चमकणाऱ्या यीस्टचा एकही फोटो आज कोणाकडे नाही.

पण काउंटर प्रयोगशाळेच्या बाहेरच्या खोलीत येतो. कमळाबाईंनी तिथे पहिल्याच दिवशी एक फोटो काढला होता. तो मोठा करून, सन्मानपत्राच्या सोनेरी फ्रेममध्ये घालून त्यांनी हॉलमध्ये लावला आहे, देवांच्या किंचित खाली. कपाटातल्या सन्मानपत्राची जागा त्यामुळे रिकामी झाली आणि तिथे आता सुकटीची बरणी असते. लूम चालू झाले की फ्रेम भिंतीवर थरथरते, म्हणून तिला दोन खिळे जास्त ठोकले आहेत. घरी येणाऱ्या प्रत्येकाला कमळाबाई आधी पाणी देतात आणि मग ती वाचायला लावतात. फ्रेममध्ये फुटीच्या रजिस्टरचं एक पान आहे, आणि त्यावर शेवटची ओळ अशी आहे:

‘कॉनिकल फ्लास्क, २५० मिली, एक नग. फोडणाऱ्याचे नाव, श्री. चांगदेव तरे. हुद्दा, प्रयोगकर्ता.’